चूल, मूल आणि गाव



'चूल आणि मूल' हा शब्दप्रयोग मराठीत बहुधा स्त्रीच्या बंदिस्त आयुष्याविषयी बोलताना वापरला जातो. स्त्रीने या दोहोंच्या पलीकडे पाहावे, शिकावे, मिळवते व्हावे, असा त्यामागील आग्रह असतो आणि तो रास्त आहे. त्या आग्रहाला यशही आले. स्त्री शेतात होतीच. ती कार्यालयात, कारखान्यात आणि ग्रामपंचायतीच्या सभागृहातही आली. परंतु ती बाहेर पडली तेव्हा चूल आणि मूल यांची जबाबदारी वाटून घेण्यास दुसरे कोणी पुढे आले नाही. परिणामी घरातील लहान मुलाच्या वाटीत काय पडते, ते किती वेळा पडते आणि कोणाच्या हाताने पडते, हा प्रश्न कोणाच्याच कार्यसूचीवर राहिला नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे: मुलांसाठी घरात होणारा स्वयंपाक आणि मुलांना बरोबर घेऊन होणारा स्वयंपाक.

हा विषय केवळ गृहिणींचा आहे, पंचायतीच्या बैठकीत त्याचे काय काम, अशी शंका काहींच्या मनात येणे शक्य आहे. त्या शंकेचे उत्तर प्रथम आकड्यांतूनच घ्यावे हे बरे.

आकड्यांचा अर्थ

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी ४६.३ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी होती. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण ३४.४ टक्क्यांपर्यंत उतरले. त्या दहा वर्षांतील ही घट लहान नव्हती आणि तिच्यामागे अनेक कार्यकर्त्यांचे श्रम होते. परंतु २०१९-२१ च्या पाहणीत हा आकडा ३५.२ टक्के निघाला, म्हणजे उतार थांबला. त्याच पाहणीत राज्यातील २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने कृश, ३६.१ टक्के मुले वयाच्या मानाने कमी वजनाची, तर सहा महिने ते पाच वर्षे या वयातील ६८.९ टक्के मुले रक्तक्षयग्रस्त आढळली.

दारिद्र्य हे याचे मोठे कारण आहे, यात वाद नाही. दूषित पाणी, वारंवार होणारे जुलाब, मातेचे स्वतःचे कुपोषण, मुलीचे लवकर लग्न हीही कारणे आहेत. तथापि केवळ एवढ्याने उलगडा होत नाही. त्याच पाहणीप्रमाणे संपूर्ण देशात सहा ते तेवीस महिने वयाच्या बालकांपैकी केवळ ११.३ टक्के बालकांना पुरेसा म्हणता येईल असा आहार, म्हणजे पुरेशा वेळा आणि पुरेशा प्रकारचे अन्न, मिळत होते. उरलेली सगळी घरे अन्नान्न दशेतील खचितच नव्हती. ज्या घरात ज्वारीची पोती आहेत, दारात शेवगा आहे आणि गोठ्यात म्हैस आहे, त्या घरातही दीड वर्षाचे मूल अर्धपोटी राहू शकते. घरात अन्न असणे आणि ते मुलाच्या पोटात जाणे यांत काही पावलांचे अंतर असते. ते अंतर कोठे पडते ते पाहिले पाहिजे.

वरणाचे पाणी आणि पोटाची वाटी

पहिले अंतर पडते ते अन्नाच्या दाटपणात. मूल सहा महिन्यांचे होईपर्यंत आईचे दूध पुरेसे असते. वरचे पाणीसुद्धा लागत नाही. सहा महिने पूर्ण झाले की दुधाच्या जोडीला अन्न सुरू करावे लागते. या वेळी बहुतेक घरांत मुलाला काय मिळते? वरणाचे वरचे पाणी, भाताची पेज किंवा दुधात बुडविलेले बिस्कीट. 'लहान जीव आहे, पातळच पचेल' अशी त्यामागची समजूत असते आणि ती मायेपोटी असते. परंतु डाळीतील पौष्टिक भाग तळाशी बसतो व वर पाणी राहते. आपण मुलाला पाणी देतो आणि डाळ मोठ्यांच्या ताटात जाते.

यामागील हिशेब साधा आहे. लहान मुलाच्या पोटात त्याच्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे ३० मिलिलिटर इतकेच अन्न एका वेळी मावते. आठ किलो वजनाच्या मुलाच्या पोटात, म्हणजे, मोठी वाटीभर अन्न बसते. ती वाटी पाण्याने भरली तर मूल रडायचे थांबते, पण वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार आईचे दूध चालू असताना वरच्या अन्नातून सहा ते आठ महिन्यांच्या बालकाला दिवसाला सुमारे २००, नऊ ते अकरा महिन्यांच्या बालकाला ३०० आणि एक ते दोन वर्षांच्या बालकाला ५५० उष्मांक मिळावे लागतात. ते लहानशा पोटातून मिळवायचे तर अन्न दाट हवे आणि ते अनेक वेळा हवे. सहा ते आठ महिन्यांत दिवसातून दोन-तीन वेळा व पुढे तीन-चार वेळा खाऊ घालावे. मधल्या वेळी एखादे फळ किंवा अन्य काही द्यावे. चमच्यातून सहज ओघळणार नाही इतके दाट, हीच घरगुती कसोटी आहे.

यासाठी निराळे महागडे अन्न विकत आणावे लागत नाही. ३० ग्रॅम तांदूळ, १५ ग्रॅम मुगाची डाळ आणि चहाचा एक चमचा तेल किंवा तूप एवढ्यात मऊ शिजविलेल्या खिचडीतून सुमारे २०० उष्मांक व पाच-सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. त्यातील एका चमचा तेलाचाच वाटा सुमारे ४० उष्मांकांचा असतो. त्यात शेवग्याची किंवा तांदुळजाची कोवळी पाने बारीक चिरून टाकली आणि उतरविल्यावर लिंबू पिळले, तर पानांतील लोह शरीराला अधिक प्रमाणात घेता येते, कारण लिंबातील 'क' जीवनसत्त्व लोहाच्या शोषणास साहाय्य करते. उलट जेवणाबरोबर चहा दिल्यास त्यातील द्रव्ये लोहाला अडवितात. न्याहारीला चहा-पोळी आणि संध्याकाळी चहा-खारी, हा ज्या मुलाचा नित्यक्रम आहे, त्याच्या रक्तक्षयाचे एक कारण त्या कपबशीत असते.

मोड आणून केलेले नाचणीचे सत्त्व महाराष्ट्रातील अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. त्यामागे एक शास्त्र आहे. धान्याला मोड येताना त्यात असे द्रव्य तयार होते की जे पिठातील स्टार्चचे तुकडे करते. म्हणून दाट शिजविलेली खीर थोडी निवल्यावर तीत मोड आलेल्या, उन्हात वाळविलेल्या धान्याचे चमचाभर पीठ ढवळले, तर पाणी न घालताही ती काही मिनिटांत सैल होते. मग तिला पुन्हा एक उकळी आणावी. मुलाला गिळण्यास सोपे आणि तरीही कस न हरवलेले अन्न अशा रीतीने मिळते. नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम, म्हणजे दुधाच्या जवळजवळ तिप्पट, कॅल्शियम असते. कोकणातील आणि सह्याद्रीच्या डोंगरपट्ट्यातील हे धान्य 'गरिबांचे' म्हणून हिणविले गेले. २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले तेव्हा त्याला पुन्हा मान मिळाला. पण तो मान प्रदर्शनातील मांडणीपुरता न राहता घरातील पातेल्यापर्यंत पोहोचला पाहिजे.

दोन गोष्टींचे भान मात्र ठेवावे. दोन वर्षांखालील मुलाच्या अन्नात साखर किंवा गूळ घालून त्याची जीभ गोडाला लावू नये आणि एक वर्षाखालील मुलाला मध चाटवू नये. तसेच अख्खे शेंगदाणे, फुटाणे लहान मुलाच्या हाती देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकतात. दाण्याचा बारीक कूट करून तो भाजीत किंवा खिचडीत मिसळावा. दाण्यात १०० ग्रॅममागे सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात, हे शेतकऱ्याच्या घरात विसरले जाऊ नये.

भरविणे हेही काम आहे

दुसरे अंतर पडते ते भरविण्यात. अनेक घरांत लहान मूल मोठ्यांच्या ताटात जेवते. प्रेमाने पाहिले तर हे दृश्य सुंदर आहे. परंतु एका ताटात चार हात चालत असताना सर्वांत लहान हाताच्या वाट्याला किती आले, हे कोणासच कळत नाही. मुलासाठी निराळी वाटी ठेवली तर त्याने काय खाल्ले आणि काय टाकले, हे त्याच्या आईला, आजीला, वडिलांना दिसते. एका वाटीचा हा खर्च आहे. परंतु मुलाच्या वाढीवर लक्ष ठेवण्याचे इतके स्वस्त साधन दुसरे नाही.

मूल नवी चव पहिल्या वेळी नाकारते, हेही स्वाभाविक आहे. दोन ते सहा वर्षांच्या वयात नव्या अन्नाविषयीचा संशय विशेष तीव्र असतो. एकदा मेथी थुंकली म्हणून 'याला मेथी चालत नाही' असा निकाल देणे घाईचे होय. तीच भाजी सक्ती न करता, थोडी थोडी, आठ-दहा वेळा समोर आली की बहुतेक मुले ती स्वीकारतात. येथे धीर हवा, आणि धीराला वेळ लागतो. नेमका वेळच आईपाशी नसतो. म्हणून मग दुकानातील पाच रुपयांचा पुडा पुढे येतो. तो खारट असतो, कुरकुरीत असतो, मूल लगेच गप्प होते. आणि जेवणाच्या वेळी त्याला भूक नसते. पुडा देणाऱ्या मातेला दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. तिचा वेळ कोठे जातो, हे विचारले पाहिजे.

केंद्र शासनाच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशात वेळेच्या विनियोगाची पाहणी केली. घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाचे सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात, असे तीत आढळले. अशी कामे करणाऱ्या पुरुषांची सरासरी ९७ मिनिटांची होती. शिवाय ही कामे मुळात करणाऱ्यांचे प्रमाण स्त्रियांत ८१.२ टक्के, तर पुरुषांत केवळ २६.१ टक्के होते. मुलाला दिवसातून चार वेळा खाऊ घाला, असे आपण ज्या मातेला सांगतो, तिच्या दिवसात ही चार वेळा कोठून काढावयाची, हे सांगण्याचे दायित्व सांगणाऱ्यावर येते.

कोपीतील चूल

याचे सर्वांत कठोर रूप ऊसतोडणीच्या हंगामात दिसते. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून व शेजारच्या दुष्काळी तालुक्यांतून हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात व पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवराबायकोच्या जोडीला तेथे 'एक कोयता' म्हणतात. स्त्री पहाटे अंधारात उठून कोपीसमोरच्या तीन दगडांच्या चुलीवर दिवसभराच्या भाकरी थापते आणि उजाडण्यापूर्वी फडात पोहोचते. दुपारचे आणि बहुधा संध्याकाळचेही अन्न म्हणजे तीच थंड भाकरी व चटणी. दीड-दोन वर्षांचे मूल एक तर उसाच्या पाचटावर झोपविले जाते किंवा कोपीत आठ-दहा वर्षांच्या बहिणीपाशी राहते. ती बहीण त्याला भाकरी कुस्करून भरविते, पाणी आणते, संध्याकाळी चूल पेटविते. तिची शाळा गावी सुटलेली असते.

अशा मुलांसाठी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा आणि त्यांच्या मूळ गावी हंगामी वसतिगृहे चालविण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात झाले. आजी किंवा नातलगांपाशी राहणाऱ्या मुलाला गावातच दोन वेळचे ताजे जेवण मिळाले, तर ते गावी राहते आणि शाळेतही राहते. ज्या सरपंचांच्या गावातून कोयते जातात, त्यांनी दिवाळीपूर्वीच आपल्या गावातील जाणाऱ्या मुलांची नावनिशीवार यादी करावी. कोणत्या घरचे कोणते मूल मागे राहणार, त्याला कोण जेवू घालणार आणि सहा वर्षांखालील कोणते मूल बरोबर जाणार, हे तीन रकाने त्या यादीत असले तरी पुढील कामास दिशा मिळेल. बरोबर जाणाऱ्या बालकाचे वजनाचे पत्रक मातेच्या हाती दिले, तर दुसऱ्या गावच्या अंगणवाडीत त्याची नोंद घेणे सुकर होते.

मुलांच्या हातात वाटी

आता विषयाच्या दुसऱ्या अंगाकडे वळू. मुलांना बरोबर घेऊन स्वयंपाक करावा, असे म्हटले की काहींना ते शहरी हौस वाटते. परंतु कामातून शिक्षण हा विचार महाराष्ट्राच्या मातीत रुजलेला आहे. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्धा येथे भरलेल्या परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगावर आधारलेल्या शिक्षणाची कल्पना मांडली आणि सेवाग्रामच्या नयी तालीममध्ये शेती व सूतकताईच्या जोडीला सफाई आणि स्वयंपाक यांनाही शिक्षणाचे स्थान मिळाले. १९३९ मध्ये भारतात आलेल्या मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीतही ओतणे, निवडणे, पुसणे, भाजी चिरणे अशी नित्य जीवनातील कामे बालशिक्षणाचा पाया मानली जातात. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. पुढे ताराबाई १९४५ मध्ये बोर्डी येथे व १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी झटल्या. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, या त्यांच्या विचारातून अंगणवाडी जन्मली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा अंगणवाडी हेच तिचे केंद्र ठरले. पाने, बिया, शंख, खडे हे कोसबाडचे शैक्षणिक साहित्य होते. घरातील स्वयंपाकघरात तर याहून समृद्ध साहित्य मांडूनच ठेवलेले असते.

वयाप्रमाणे काम दिले म्हणजे झाले. दोन-तीन वर्षांचे मूल मेथीची पाने खुडू शकते, मटार सोलू शकते, कांदे-बटाटे टोपलीत भरू शकते. त्यातील निम्मी पाने जमिनीवर पडतील. ती पडू द्यावीत. चार-पाच वर्षांचे मूल लसूण सोलते, शेंगा फोडते, कणकेची लहान गोळी मळते, मटकी भिजत घालून तिला मोड येताना रोज पाहते. सहा ते आठ वर्षांचे मूल थालीपीठ थापते, ताक घुसळते, कोशिंबीर कालविते, पाने मांडते आणि कोणी किती खाल्ले याकडे लक्ष ठेवते. नऊ-दहा वर्षांनंतर डाळ-तांदूळ मोजून धुणे, पोळी लाटणे, फोडणीचे साहित्य क्रमाने काढून ठेवणे ही कामे जमतात. विस्तवाजवळचे काम मात्र मोठे माणूस शेजारी असल्याखेरीज मुळीच नको.

या कामांत गणित आहे. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' हे १९७० मध्ये प्रसिद्ध झालेले पुस्तक घराघरांत पोहोचले, त्याचे एक कारण असे की त्यातील प्रमाणे वाटी आणि चमच्याने दिलेली आहेत. तीच वाटी मुलाच्या हाती दिली की एका वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी, तर अडीच वाट्यांना किती, हा प्रश्न त्याला पाटीवर लिहून द्यावा लागत नाही. पोळीचे चार भाग केले की अपूर्णांक समजतो. या कामांत विज्ञानही आहे. भाकरी का फुगते? आतील पाण्याची वाफ होते आणि ती पापुद्रा वर उचलते. रात्री विरजलेले दूध सकाळी घट्ट का होते? आंबोळीचे पीठ थंडीत उशिरा का फुगते? ज्या मुलाने हे डोळ्यांनी पाहिले, त्याला पुढे सूक्ष्मजीवांचा धडा परका वाटत नाही. भाषा तर आहेच. निवडणे, पाखडणे, वेळणे, परतणे, कढत, कोमट, ओलसर, दडदडीत हे शब्द पाठ्यपुस्तकातून येत नाहीत. ते ओट्याजवळ आणि चुलीजवळच मिळतात.

पोषणाच्या दृष्टीने पाहिले तर याचा लाभ आणखी सरळ आहे. ज्या थालीपीठात मुलाने स्वतः चिरलेला पाला घातला आहे, त्याची चव पाहण्यास ते सहसा तयार होते. नकोशी भाजी ओळखीची होते आणि ओळखीची झाली की पानात टिकते. आईलाही मूल कामाच्या आड येते असे न वाटता, ते तिच्या शेजारी बसून काम करते, असा फरक हळूहळू पडतो. पहिले काही दिवस काम वाढते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पुढे मात्र ते वाटले जाते.

एक स्पष्ट मर्यादा

येथे एक धोका आहे आणि तो झाकून ठेवणे योग्य होणार नाही. 'मुलांना स्वयंपाकात घ्या' याचा अर्थ अनेक घरांत 'मुलीला स्वयंपाकाला लावा' असा केला जातो. मुलगी दहा वर्षांची झाली की चूल तिची, धाकटे भावंड तिचे आणि हंडाही तिचाच. तिच्या गैरहजेरीपुढे शिक्षक 'घरकाम' असे लिहितात आणि पान उलटतात. कोपीतील ज्या बहिणीचा वर उल्लेख झाला, तीही स्वयंपाक 'शिकत'च असते. पण त्याला कोणी शिक्षण म्हणणार नाही.

म्हणून तीन कसोट्या सदैव समोर ठेवाव्यात. घरात मुलगा असेल तर मुलीला दिलेले काम त्यालाही दिले आहे का? त्या कामामुळे शाळेच्या, अभ्यासाच्या किंवा खेळाच्या वेळेवर आघात होतो का? ते काम करताना मोठे माणूस शेजारी आहे का? पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'होय' आणि दुसऱ्याचे 'नाही' असेल, तर ते शिक्षण. अन्यथा ती मुलाच्या पाठीवर लादलेली मोठ्यांची जबाबदारी होय. घरातील पुरुषाने स्वतः पाट घेऊन बसल्याशिवाय मुलगा बसणार नाही, हेही ध्यानात घ्यावे. भाजी निवडणारा बाप मुलाने रोज पाहिला, तर त्याला वेगळा उपदेश करावा लागत नाही.

भाजण्याच्या अपघातांविषयीही सावध राहिले पाहिजे. जमिनीलगतची चूल, काठावर ठेवलेले उकळते पातेले आणि रांगणारे मूल यांचा योग घातक असतो. चुलीभोवती दोन हातांची मोकळी जागा आखून तिच्या आत लहान मुलाने यायचे नाही, असा घरात दंडक करावा. भाजल्यास त्या भागावर वीस मिनिटे वाहते थंड पाणी सोडावे. शाई, दंतमंजन, हळद किंवा तेल लावू नये आणि डॉक्टरांकडे नेण्यास विलंब करू नये.

गावाने काय करावे

शिक्षकांनी या विषयाला पाठाचे रूप द्यावे. आठवड्यातून एक गृहपाठ वहीऐवजी वाटीचा असावा: मूग मोजून भिजत घाला, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा आणि किती वाढले ते सांगा. तो मुलगे व मुली दोघांनीही करावयाचा, हे निक्षून सांगावे. शाळेत शिजविलेले अन्न देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालेल्या शालेय पोषण योजनेचे नाव २०२१ मध्ये बदलले, परंतु तिचे पातेले गावातील सर्वांत मोठा पाठ आहे, याकडे फारसे कोणी पाहिलेले नाही. आज खिचडीत कोणती डाळ आहे, ती कोठे पिकते, हे मुलांनी स्वयंपाकी भगिनींना विचारावे. शाळेच्या परसबागेत शेवगा, हादगा, अंबाडी आणि लिंबू असावे व त्यातील पाला मुलांनी स्वतः खुडून स्वयंपाकघरात द्यावा.

अंगणवाडीतील पालकसभा केवळ भाषणाची नसावी. तेथे शेगडी असावी. वरणाचे पाणी एका वाटीत आणि घोटलेले दाट वरण दुसऱ्या वाटीत घेऊन, दोन्ही चमच्याने उचलून दाखविले, तर अर्ध्या तासाच्या व्याख्यानाचे काम दोन मिनिटांत होते. अशा सभेला आजीला अगत्याने बोलवावे, कारण मुलाला काय द्यायचे याचा निर्णय बहुतेक घरांत तिचा असतो. आणि बापालाही बोलवावे, कारण आजवर त्याला कोणी बोलाविलेले नाही.

ग्रामपंचायतींनी आपल्या उत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाची असते. पुष्कळ ठिकाणी ती शिवणयंत्रे आणि सतरंज्या यांवर खर्ची पडते. कापणीच्या आणि लावणीच्या दिवसांत चालणारे पाळणाघर, अंगणवाडीला नळ, वजनकाटा आणि भांडी यांचाही विचार या रकमेतून व्हावा. गावातील नळ घराजवळ आला तर स्त्रीचा दररोजचा काही वेळ वाचतो, आणि तोच वेळ मुलाच्या चौथ्या जेवणाचा असतो. अधिकाऱ्यांनी तपासणीच्या वेळी नोंदवही अवश्य पाहावी, परंतु त्याबरोबर एखाद्या घरी जाऊन मुलाची वाटी कोठे आहे, हेही विचारावे.

शासनाच्या योजना मुलाच्या दारापर्यंत येऊ शकतात. दारापासून ओठांपर्यंतचे अंतर घराने आणि गावाने मिळूनच ओलांडावयाचे असते. त्यासाठी नव्या धान्याची, नव्या इमारतीची किंवा नव्या समितीची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक घरात सर्वांत लहान मुलाची एक स्वतंत्र वाटी असावी, तीत दाट अन्न पडावे, ते भरविण्यास आईखेरीज आणखी दोन हात असावेत आणि त्यांतील एक पुरुषाचा असावा, एवढा संकल्प येथे जमलेल्यांनी आपापल्या गावी जाऊन केला आणि पुढील सहा महिन्यांच्या वजनाच्या पत्रकांत त्याचा पडताळा पाहिला, तर या सभेचे सार्थक झाले असे म्हणता येईल.